दिरांची स्कूटर आणि राहून गेलेली परीक्षा

मुलांनो, माझ्या धाकट्या दिरांनी आपल्या स्कूटरकडे जितकं लक्ष दिलं, तितकं शहापूर तालुक्यात कुणी स्वतःच्या पोटाकडेही दिलं नसेल. तुम्ही त्यांना मागच्या खेपेला पाहिलंत ते अंगणात उताणे पडलेले, डोकं स्कूटरखाली आणि पाय तुळशीकडे. तुमच्यापैकी धाकटीने विचारलं होतं, "आजी, यांना बरं वाटत नाहीये का?" त्यांना उत्तम वाटत होतं. स्कूटरखाली असताना त्यांना नेहमीच उत्तम वाटतं.

ही स्कूटर नेहमीच्या स्कूटरसारखी नाही. इतरांपेक्षा हातभर लांब, पुढे उभी काच, मागच्या सीटला पाठ टेकायला गादी. आमच्या गल्लीत उभी केली की लांबून येणाऱ्याला रिक्षाच उभी आहे असं वाटतं, आणि दोनदा तर परगावच्या पाहुण्यांनी तिला "स्टेशन येणार का?" असं विचारलेलंही आहे. भाऊजींनी ती निवृत्त झाल्यावर घेतली. त्याआधी त्यांची सारी नोकरी भातसानगरला, धरणाच्या दरवाजांना वंगण घालण्यात आणि ते वेळेवर वरखाली होतात की नाही हे पाहण्यात गेली. माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. धरणाची जशी पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक अशी तपासणी होते, तशी या स्कूटरचीही होते. मे महिन्याच्या शेवटी अंगणात एक जुनी चादर अंथरली जाते. तिच्यावर स्कूटरचे पत्रे, झाकणं, नट, वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले जातात, आणि ते परत बसेपर्यंत घरातल्या कुणीही ती चादर ओलांडायची नसते. पाहुण्यांनी मागच्या दाराने यायचं असतं.

एका वर्षी या चादरीवरचा एक वायसर नाहीसा झाला. शेजारची तांबडी कोंबडी तिथून जाताना भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिला दोन दिवस डालग्याखाली ठेवण्यात आलं, आणि भाऊजी सकाळ-संध्याकाळ तिची शीट चाचपायला काडी घेऊन तिथे बसले. तिसऱ्या दिवशी वायसर त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात सापडला. दुसऱ्या कुणी कोंबडी गुपचूप सोडून दिली असती. भाऊजींनी शेजाऱ्यांना बोलावलं, चूक आपली हे चारचौघांत सांगितलं, आणि कोंबडीला दोन मुठी कणी घातली. माझे दीर विक्षिप्त आहेत, पण स्वतःच्या चुकीवर त्यांनी कधी पांघरूण घातलं नाही. पुढे जे झालं ते या गुणामुळेच झालं.

स्कूटर सुरू करण्याआधी ते तीनदा हॉर्न वाजवतात. धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावांसाठी भोंगा होतो, त्यातला हा प्रकार. गल्लीतली कुत्री उठून बाजूला होतात, बायका दारातलं वाळवण सावरतात, आणि मगच "यंत्रणा" निघते. ते स्कूटरला स्कूटर म्हणत नाहीत. "वहिनी, आज यंत्रणा बंद हाय, बेल्ट बघायचाय," असं सांगतात. हा बेल्ट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचवणारा रबरी पट्टा. मोटरसायकलची साखळी सैल झाली की खडखड करून ओरडते. बेल्ट बिचारा मुकाट झिजतो आणि एके दिवशी तुटतो. "म्हणून बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्याकडे जास्त लक्ष द्याचं," हे भाऊजींचं आवडतं वाक्य. टायरमधली हवा ते पहाटे, टायर गार असताना, स्वतःच्या पंपाने भरतात. गॅरेजमध्ये कधी जायची वेळ आलीच, तर तिथल्या मेकॅनिकला आधी हात धुवायला लावतात. तो मेकॅनिक आता त्यांना पाहिलं की पाना त्यांच्याच हातात देतो आणि म्हणतो, "काका, तुमीच करा. मी च्या सांगून येतो."

या सगळ्या देखभालीचं कारण एकच. माझी धाकटी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, दर गुरुवारी मुरबाडला जाते. तिथे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. घरात सुना आहेत, त्या करतातही. पण न्हाऊ घालून घ्यायचं आणि वेणी घालून घ्यायची ती धाकटीच्याच हातून, असा त्या बहिणीचा हट्ट आहे. दोन वर्षांपूर्वी खळ्यावर घसरून माझ्या जावेचा डावा गुडघा गेला. तो आता जेमतेम वाकतो. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, आणि जीपमध्ये तर पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं. भाऊजींनी स्कूटरला बाजूने एक रुंद लोखंडी पायरी जोडून घेतली. तिच्यावर सरळ पाय ठेवून, गादीला टेकून, माझी जाऊ एका बाजूला पाय सोडून बसते आणि दीड तासात बहिणीच्या दारात उतरते. स्कूटर गेली तर तिचा गुरुवार जाणार, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

झालं असं की गेल्या श्रावणात मुरबाडच्या वाटेवर, किन्हवलीच्या अलीकडे एका खड्ड्यात स्कूटर आडवी झाली. जावेला काही झालं नाही. भाऊजींचं कोपर सोललं. माझा पुतण्या, म्हणजे त्यांचा मुलगा, कल्याणला नोकरी करतो, तो धावत आला. मुलगा प्रेमळ आहे, पण प्रेम करताना ओरडतो.

"पप्पा, बस झालं आता. एवढंसं चाक त्या स्कूटरचं, खड्ड्यात जाणार नाय तर काय होणार? मोटरसायकल घ्या."

"खड्डा चाकाला दिसत नाय, माणसाला दिसतो. माझी नजर चुकली," भाऊजी म्हणाले. "यंत्रणेचा दोष नाय."

"आईला कुठं लागलं असतं मंग?"

भाऊजींनी सदऱ्याची बाही कोपरावर ओढली. पुढच्याच आठवड्यात पुतण्याने खरोखर एक मोटरसायकल आणून अंगणात उभी केली, आणि स्कूटरसाठी आटगावचं एक गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. भाऊजींनी मोटरसायकलला एक फेरी मारली, मग दुसरी मारली. "नुसतं बोलून काय होत नाय," ते म्हणाले. "महिनाभर दोघींची परीक्षा घेऊ. प्रत्येक गोष्टीला दहातले मार्क. जी जिंकंल ती राहील. माझा शब्द."

परीक्षक म्हणून मला नेमलं. वहिनी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, वही नीट ठेवतात आणि त्यांना दोन्हीतलं काही चालवता येत नाही, अशी तिन्ही कारणं त्यांनी सर्वांसमोर सांगितली. मी वहीत रेघा आखल्या. मला परीक्षा घ्यायला आवडतं, हे खोटं का सांगू.

एकवीस परीक्षा झाल्या. भाताची गोणी नेण्यात स्कूटरने दहापैकी दहा मिळवले, कारण गोणी पुढच्या सपाट जागेत पायांशी निमूट बसते, मोटरसायकलवर ती मागे बांधावी लागली आणि मुरबाडच्या बाजारपेठेत शिरताना एका बाजूने अशी लोंबकळली की मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने ओरडून विचारलं, "काका, माणूस उतरतोय का पडतोय?" गॅसच्या टाकीतही स्कूटर पुढे राहिली. पेट्रोलमध्ये मोटरसायकल पुढे. चढावर मोटरसायकल, अरुंद बोळात वळवण्यात मोटरसायकल, चिखल धुण्यात मोटरसायकल. रस्त्यात बसलेल्या म्हशीच्या परीक्षेत दोघींना सारखे मार्क पडले, कारण मोटरसायकल कडेच्या चिखलातून निघून गेली आणि स्कूटरच्या तीन हॉर्नांनी म्हैस स्वतःच उठली. पुतण्या म्हणाला, "ती हॉर्नला नाय, कंटाळून उठली." हा वाद बराच चालला, शेवटी मी दोघींनाही सहा दिले.

सगळ्यात कठीण परीक्षा खड्ड्यांची. शहापूर ते मुरबाड रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या खड्ड्याला भाऊजींनी नाव दिलेलं आहे: जुळे, विहीर, सासूबाई. सासूबाई लांबून साध्या दिसतात आणि जवळ गेल्यावर कळतात. ज्या खड्ड्याने त्यांचं कोपर सोललं होतं, त्यातूनच त्यांनी दोन्ही वाहनं मुद्दाम घातली. परत आल्यावर हातपाय धुतले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "लिवा वहिनी. मोटरसायकल, आठ."

"आणि स्कूटर?"

ते चादरीवरच्या पत्र्यांकडे पाहावं तसे जमिनीकडे पाहत होते. "तीन," ते म्हणाले. मी पेन हातात धरून थांबले. "लिवा ना. तीनच हायेत."

बेरीज मी दोनदा केली. मोटरसायकल एकशे एक्कावन्न, स्कूटर एकशे सत्तेचाळीस. भाऊजींनी वही पाहिली, चष्मा काढून पुसला, खिशातून किल्ली काढली आणि पुतण्याच्या हातावर ठेवली. "बुधवारी तेलपाणी करून ठेवतो. गिऱ्हाइकाला गुरुवारी बोलव," एवढंच म्हणाले. विकायच्या गाडीचं तेल कोण बदलतं? त्यांनी बदललं. बेल्ट काढून, पुसून, पुन्हा बसवला.

गुरुवारी सकाळी माझी जाऊ नेहमीसारखी तयार झाली. पिशवीत खोबरेल तेल, फणी, शिकेकाई. मोटरसायकल ओट्याला लावून उभी केली आणि ती ओट्यावरून अलगद सीटवर सरकली. "बघ, बसली की आई," पुतण्या मला म्हणाला. मीही मान डोलावली. जावेने पिशवी मांडीवर घेतली. दोघं गेली. मला आठवतंय, मी वही कपाटात ठेवली आणि मला काम संपवल्याचं समाधानही वाटलं.

अकराच्या सुमारास आटगावचं गिऱ्हाईक आलं. शांत, भल्या स्वभावाचा माणूस. तो स्कूटरवर बसून आरसे पाहत होता, तेवढ्यात भाऊजी मोटरसायकलवरून एकटेच परत आले. मी धावत पुढे झाले.

"भाऊजी, ती कुठेय?"

"किन्हवलीला. बसलीय."

"पडली?"

"पडली नाय वहिनी, बसलीय. उठत नाय."

मग हळूहळू सगळं कळलं. किन्हवलीला नेहमीप्रमाणे चहाला थांबले. सीटवरून ती उतरली खरी, पण पुन्हा चढायला तिथे ओटा नव्हता. उंच सीटवर चढायला डावा पाय वाकायला हवा, तो वाकेना. चहावाल्याने खुर्ची आणली, ती डगमगली. दोन बायका हात द्यायला आल्या. तेव्हा माझी जाऊ, जिने चाळीस वर्षांत रस्त्यावर नवऱ्याशी मोठ्याने शब्द काढला नव्हता, ती सगळ्यांदेखत चहाच्या बाकड्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "मी हितून हलणार नाय. स्कूटर आणा."

"मी बोललो तिला, गो, मार्कांत हरली ती, शब्द दिलाय मी," भाऊजी सांगत होते. "तर मला काय म्हणते? एकवीस परीक्षा घेतल्यात. भाताच्या गोणीला मार्क, गॅसच्या टाकीला मार्क. मी काय गोणीपेक्षा हलकी झाले? मला कुणी इचारलं?"

मी कपाटातून वही काढली आणि एकवीसच्या एकवीस ओळी वाचल्या. गोणी होती, टाकी होती, म्हैस होती. आमची माणसं नव्हती.

"भाऊजी, हे तुमच्या कसं लक्षात आलं नाही?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला, कारण ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ते हातातलं हेल्मेट फिरवत उभे राहिले. "वहिनी, धरणावर आमी दरवाजे तपासायचो. साखळ्या, दोर, वंगण, सगळं. पाणी कोण तपासतं? पाणी असतंच." मग हेल्मेट खाली ठेवून म्हणाले, "पाणी हाय म्हणून तर दरवाजे."

मुलांनो, हा माणूस इतकी वर्षं माझा दीर आहे. त्या दिवसापर्यंत बायकोबद्दल याहून मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं. आणि तेही ती समोर नसताना.

पण किल्ली पुतण्याकडे होती, गिऱ्हाईक सीटवर होतं आणि भाऊजींनी शब्द दिलेला होता. ते मागणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी वही उघडली, नवी रेघ आखली आणि शाळेत वर्गावर बोलावं त्या आवाजात सांगितलं, "बावीस नंबरची परीक्षा राहून गेलेली आहे. मागे बसणारीचे गुण. ती होईपर्यंत निकाल लागलेला नाही."

"काकू, असं कसं? परत मार्क?" पुतण्या म्हणाला.

"परीक्षक कोण आहे?"

"तुमी."

"मग किल्ली दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "आई तिथं एकटी बसलीय?" त्याने एकदम विचारलं, आणि किल्ली बापाच्या हातात कोंबली. "जावा, जावा पप्पा. उन्हात बसली असंल ती."

गिऱ्हाईक आपणहून उतरलं. सीट हाताने पुसली. "माझ्या घरी पण अशीच एक हाय," ते म्हणालं. "माझं काय नाय. मी बसतो, च्या पितो."

परीक्षा घ्यायची तर परीक्षकाने हजर पाहिजे. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी त्या स्कूटरवर बसले: डोक्यावर हेल्मेट, एका हातात वही, दुसऱ्या हाताने गादीची कड घट्ट धरलेली. तीन हॉर्न झाले. गल्ली बाजूला झाली. वाटेत भाऊजी एकच विषय बोलत होते. "वहिनी, जुळे येतायत. धरा. वहिनी, आता सासूबाई." मला आधी वाटलं, माझ्या काळजीने सांगतायत. मग लक्षात आलं, ती दर गुरुवारची सवय होती. मागे कोण बसलंय हे ते विसरले होते. एकदा तर म्हणाले, "पदर सांभाळ गो," आणि मग बराच वेळ त्यांची मान ताठ राहिली.

किन्हवलीला माझी जाऊ चहावाल्याच्या बाकड्यावर पाय लांब करून बसलेली होती. एव्हाना तिच्याभोवती चार-पाच बायका जमल्या होत्या आणि त्यांना सगळी हकिगत ठाऊक झालेली होती. आम्हाला पाहून एक जण म्हणाली, "आली गो तुझी गाडी. संगती मास्तरीणबाई बी आणलीन."

जावेने स्कूटरकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. मला म्हणाली, "ताई, मार्क घ्यायला आलात ना? लिवा."

मी उभ्या उभ्या वही उघडली.

"मोटरसायकल. दोन."

"शून्य का नाही?" मी विचारलं.

"पोरानं आईला लागू नये म्हणून आणली. त्याचे दोन."

"आणि स्कूटर?"

आता तिने भाऊजींकडे पाहिलं. ते सुट्टी मिळेल की नाही हे न कळलेल्या शिपायासारखे उभे होते. "सात," ती म्हणाली.

"सातच?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. "पायरी लावलीय, गादी लावलीय..."

"स्कूटरला दहाच हायेत. तीन चालवणाऱ्याचे कापले. महिनाभर परीक्षा चालली, एकदा इचारलं नाय म्हणून."

बायका हसल्या. चहावालासुद्धा हसला. मी बेरीज केली: स्कूटर एकशे चोपन्न, मोटरसायकल एकशे त्रेपन्न. एका मार्काने. मी ती पुन्हा करून पाहिली, कारण निकाल माझ्या मनासारखा लागला की मी नेहमी पुन्हा बेरीज करते. तिला आधीची बेरीज ठाऊक होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मग ती उठली. रुंद पायरीवर उजवा पाय ठेवला, भाऊजींनी स्कूटर दोन्ही पायांनी घट्ट धरली आणि ती डावा पाय सरळ ठेवून, कुणाचा हात न घेता बसली. मी मुरबाडहून येणाऱ्या एस.टी.ने परत जाणार होते. भाऊजींनी मला "येतो वहिनी" म्हटलं. नवऱ्याच्या अंगाला चारचौघांत कधी हात न लावणाऱ्या माझ्या जावेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटर मुरबाडच्या दिशेला लागली, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो हात तिथेच होता.

मोटरसायकल पुतण्याने स्वतःसाठी ठेवली. भाऊजी आता बाहत्तर वर्षांचे आहेत. पहाटे हवा भरताना पंपाचे दोन दट्टे मारले की ते कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि कुणी पाहतंय का ते पाहतात. मी खिडकीतून बाजूला होते. मुरबाडची बहीणही दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. जाऊ म्हणते, वेणी आता बोटाएवढीच राहिली. तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता, सगळे कसे आहेत. मी काय सांगू? गुरुवारी सकाळी ती दोघं जातात आणि दिवेलागणीला येतात. येतायत तोवर सगळं ठीक आहे असं समजा. ज्या गुरुवारी जाणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतःच फोन करीन. तोवर तुम्ही विचारू नका.